‘सहा महिन्यांत ब्लॉगवरून पगाराएवढी कमाई’: त्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार जणांनी पाठवला. चौथी माझी भाची. तिने खाली लिहिलं होतं, “मावशी, तू तर ब्लॉग लिहितेस. हे खरं आहे का? नोकरी सोडून करू का?” तिला फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता आलं असतं, पण हाच प्रश्न बाकीच्या तिघांच्याही मनात असणार, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मेसेज थोडक्यात असा: ब्लॉग सुरू करा, रोज दोन तास, फक्त सहा महिने. विषय कुठलाही चालतो. लिहिता यायची गरज नाही, एआय रोज दहा लेख लिहून देतं. अ‍ॅडसेन्सच्या, म्हणजे गूगलच्या जाहिरात सेवेच्या, जाहिराती लावा, अ‍ॅफिलिएट लिंक (जिच्यावरून वस्तू विकली गेली की तुम्हाला कमिशन मिळतं) टाका. वाचकाकडून एक पैसा घ्यावा लागत नाही. पगाराएवढी कमाई सुरू होते आणि नंतर ती झोपेतही येत राहते. शेवटी एका कोर्सची लिंक.

मी नऊ वर्षं शिलाई मशीनच्या दुरुस्तीवर ब्लॉग लिहिते आणि त्यातून मला पैसे मिळतात. त्यामुळे ‘ब्लॉगमधून काही मिळत नाही’ असं मी म्हणणार नाही. माझा आक्षेप आहे तो मेसेजमध्ये सांगितलेल्या वाटेवर.

“जाहिराती लावल्या की पैसे सुरू”

जाहिराती लावणं सोपं आहे, हे खरं. अ‍ॅडसेन्स २००३ साली आलं ते यासाठीच की छोट्या साइटवाल्याला जाहिरातदार शोधत फिरावं लागू नये. तुमचं पान कुणी उघडलं की त्या जागेसाठी क्षणार्धात लिलाव होतो आणि जिंकलेली जाहिरात दिसते. पूर्वी मुख्यतः क्लिकवर पैसे मिळायचे, २०२४ च्या सुरुवातीपासून जाहिरात दिसण्यावर मिळतात. गूगलच्या जाहिरात सेवेतून आलेल्या पैशांपैकी साधारण ६८ टक्के साइटवाल्याच्या वाट्याला येतात. वाटा वाईट नाहीच. प्रश्न आहे तो मुळात रक्कम किती जमते याचा.

हिशोब करून बघा. उदाहरणापुरतं धरू की हजार वेळा पान उघडल्यावर तुम्हाला दोन डॉलर मिळतात. दर विषयावर, वाचक कुठल्या देशातला आहे यावर आणि वर्षाच्या कुठल्या महिन्यात आहोत यावर बदलतो. डिसेंबरात चढतो, जानेवारीत पडतो. दोन डॉलर धरले तर शंभर डॉलरसाठी पन्नास हजार वेळा पान उघडायला हवं. शंभर डॉलर यासाठी म्हटलं की त्याखाली रक्कम खात्यातून बाहेरच पडत नाही, पुढच्या महिन्यात ढकलली जाते. महिन्याला हजार डॉलर हवे असतील तर महिन्याला पाच लाख वाचनं.

त्याआधी दहा डॉलर झाले की पत्ता तपासण्यासाठी पोस्टाने पिन येतो. ते छोटं पाकीट मी अजून जपून ठेवलंय. ते हातात आलं त्या दिवशी मला वाटलं होतं, आता गाडी रुळावर आली. त्यानंतर पहिले शंभर डॉलर पुरे व्हायला मला चौदा महिने लागले, आणि तेव्हा मी आठवड्याला दोन लेख नियमाने लिहीत होते.

एक गोष्ट मात्र अगदी कळकळीने सांगते. असे मेसेज फिरतात त्या ग्रुपांवर ‘तुम्ही माझ्या जाहिरातींवर क्लिक करा, मी तुमच्या करतो’ असे सौदेही चालतात. यात पडू नका. स्वतःच्या जाहिरातींवर क्लिक करणं किंवा दुसऱ्याला करायला सांगणं स्पष्टपणे नियमांविरुद्ध आहे. खातं बंद होतं आणि साठलेले पैसे जाहिरातदारांना परत जातात.

“विषय कुठलाही चालतो”

मेसेजमधले ‘सुचवलेले विषय’ होते कर्ज, विमा आणि क्रेडिट कार्ड. या विषयांवरच्या जाहिरातींना दर जास्त मिळतो हे खरंय. म्हणूनच तिथे बँका, विमा कंपन्या आणि पगारी लेखकांची फौज बाळगणाऱ्या साइटी आधीच ठाण मांडून बसल्यात. अहरेफ्स या वेबसाइटींच्या शोधाची आकडेवारी काढणाऱ्या कंपनीने २०२३ मध्ये सुमारे १४ अब्ज पानं तपासली, तर ९६.५५ टक्के पानांना गूगलवरून एकही वाचक येत नव्हता. ज्या विषयात तुम्हाला इतरांपेक्षा कणभरही जास्त कळत नाही, तिथे उरलेल्या साडेतीन टक्क्यांत तुमचं पान का यावं?

“लिहिता यायची गरज नाही, एआय रोज दहा लेख देतं”

ही कल्पना एआयच्याही आधीची आहे. लोक काय शोधतात ते बघायचं आणि त्या प्रत्येक प्रश्नावर घाईघाईने एक उथळ लेख टाकायचा, असे लेखांचे कारखाने २०१० च्या आसपास जोरात होते. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने ‘पांडा’ नावाचा बदल आणला, अमेरिकेतल्या जवळजवळ १२ टक्के शोधांचे निकाल हलले आणि या कारखान्यांची वाताहत झाली. मार्च २०२४ मध्ये तर नियमच आला: क्रमवारीत वर येण्यासाठी घाऊक प्रमाणात काढलेली, वाचकाच्या उपयोगाची नसलेली पानं म्हणजे स्पॅम, मग ती माणसाने लिहिलेली असोत की यंत्राने. एआय वापरण्यावर बंदी नाही. मीही व्याकरण तपासायला वापरते. पण रोज दहा लेखांचा मेसेजमधला सल्ला थेट या नियमाच्या तावडीत जातो.

नियम बाजूला ठेवला तरी दुसरी अडचण उरते. जो लेख यंत्र तुम्हाला दहा सेकंदांत देतं, तो ते वाचकालाही देतं. मग त्याने तुमच्याकडे यायचंच कशाला?

“अ‍ॅफिलिएट लिंक टाका, कमिशन सुरू”

ही वाट खरी आहे आणि जुनीही. अ‍ॅमेझॉनची अशी योजना १९९६ पासून चालू आहे. पण अटी मेसेजमध्ये कुणी लिहीत नाही. वाचकाने लिंकवर क्लिक केल्यापासून साधारण २४ तासांत खरेदी केली किंवा निदान वस्तू कार्टमध्ये टाकून नंतर घेतली तरच कमिशन मिळतं. नवीन खात्यावर १८० दिवसांत तीन विक्र्या झाल्या नाहीत तर खातं बंद. आणि दर ठरवणं सर्वस्वी त्यांच्या हातात. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत फर्निचरवरचा दर ८ टक्क्यांवरून ३ वर आला, किराण्याचा ५ वरून १ वर. ज्यांचं घर त्या टक्क्यांवर चालत होतं, त्यांचं उत्पन्न एका ईमेलने निम्म्याच्याही खाली गेलं.

मला यातली आणखी एक गोष्ट जास्त खुपते. माझ्याकडे दर आठवड्याला कुणीतरी विचारतं, “मशीन टाके सोडतंय, नवीन घेऊ का?” दहातल्या सात-आठ जणांना नवीन सुई लागते, बस. जीन्सच्या कापडाला १००/१६ ची सुई, टी-शर्टच्या ताणणाऱ्या कापडाला गोल टोकाची. सुयांच्या पाकिटावर मला मिळणारं कमिशन नगण्य असतं. नव्या मशीनची लिंक दिली तर त्याच्या कित्येक पट. म्हणजे वाचकाचा फायदा आणि माझा फायदा समोरासमोर उभे राहतात, आणि हे दर लेखात होतं. मी स्वतः उघडून न पाहिलेल्या मशीनची लिंक देत नाही, आणि जिथे लिंकवर कमिशन मिळतं तिथे तसं लेखाच्या वरच लिहिते. यामुळे माझं या खात्यातलं उत्पन्न कमी आहे. पण लोक परत येतात ते यामुळेच.

“वाचकाकडून एक पैसा घ्यावा लागत नाही”

सगळ्या मेसेजमधलं मला हे वाक्य सर्वांत चुकीचं वाटतं. कारण ब्लॉगवर दीर्घकाळ पोट चालवलेल्या लोकांकडे पाहिलं तर पैसा बहुतेक वेळा थेट वाचकाकडून, किंवा त्या वाचकांसाठी थेट साइटवाल्याशी बोलणी करणाऱ्या प्रायोजकाकडून आलेला दिसतो.

जेसन कॉटकी १९९८ पासून आपला ब्लॉग लिहीत होता. फेब्रुवारी २००५ मध्ये त्याने नोकरी सोडली आणि जाहिराती न लावता वाचकांनाच सांगितलं, वर्षभर लिहिण्यासाठी मदत करा. तीन आठवड्यांत सुमारे १,४५० जणांनी मिळून ३९,९०० डॉलर दिले. वर्षभराने त्याने तो प्रयोग थांबवला, तसा पाठिंबा दर वर्षी मागत राहणं त्याला जमणारं वाटेना. मग जाहिरातींवर काही वर्षं काढली आणि २०१६ मध्ये तो पुन्हा वाचकांकडेच आला, या वेळी सभासदत्व घेऊन. जॉन ग्रुबरने २००२ मध्ये सुरू केलेला ब्लॉग २००६ मध्ये पूर्णवेळ केला. त्याच्याकडे आठवड्याला एकच प्रायोजक असतो आणि त्याच्यासाठी एक छोटी नोंद. पानभर चमकणाऱ्या जाहिराती नाहीत. मारिया पोपोव्हाचा २००६ पासूनचा ब्लॉग जाहिरातींशिवाय, वाचकांच्या देणग्यांवर चालतो.

ही फार मोठी नावं झाली. आता माझा लहानसा अनुभव सांगते.

तिसऱ्या वर्षी एका वाचक बाईंनी फोटो पाठवला. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा नुसता गुंता, काकवीसारखा चिकटलेला. त्यांनी बॉबिन केस (खालच्या दोऱ्याची डबी) दोनदा बदलली होती, कारण गुंता खाली दिसतो म्हणजे दोष खालीच असणार असं कुणालाही वाटतं. दोष वर होता. दोरा ओवताना त्यांनी फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा भाग, खाली ठेवला होता. फूट खाली असला की टेन्शनच्या (दोऱ्याला ताण देणाऱ्या) चकत्या मिटलेल्या राहतात आणि दोरा त्यांच्या मधे बसतच नाही, नुसता वरून सरकतो. फूट वर उचलून पुन्हा ओवा, म्हटलं. दहा मिनिटांत दुसरा फोटो आला, सरळ शिवण. त्यांनी विचारलं, “तुम्ही शिकवता का? मी फी देईन.”

तोपर्यंत हा विचार माझ्या डोक्यातही आला नव्हता. त्या वर्षी मी पाच जणींचा ऑनलाइन वर्ग घेतला. आता वर्षात तीन वर्ग होतात, शिवाय रेकॉर्ड केलेले धडे आहेत, आणि फोटो पाठवून सल्ला घेणाऱ्यांसाठी ठरलेली फी आहे. माझ्या ब्लॉगच्या उत्पन्नातला मोठा वाटा यातून येतो. जाहिरातींच्या हिशोबाने जे वाचक नगण्य ठरले असते, तेवढ्यांवर हे चालतं. लेख सगळे फुकट आहेत आणि राहतील. लोक पैसे देतात ते त्यांच्या मशीनसमोर बसून उत्तर देण्याचे.

“झोपेतही पैसे येत राहतात”

जुन्या लेखांवर वाचक येत राहतात, हे अर्धं खरं आहे. पण लिंक मरतात, मशीनची मॉडेलं बंद होतात, आणि शोधाचे नियम बदलतात. मे २०२४ पासून गूगल अनेक प्रश्नांची एआयने तयार केलेली उत्तरं शोधाच्या पानावरच वर दाखवू लागलं. दोऱ्याच्या गुंत्यावरचा माझा लेख सर्वांत जास्त वाचला जायचा, त्याचे वाचक तेव्हापासून स्पष्ट घटलेत. वर्ग मात्र भरतात.

आणि माणूस दमतो. अँड्र्यू सलिव्हन या राजकीय विषयांवर लिहिणाऱ्या ब्लॉगरने २०१३ मध्ये आपला ब्लॉग वर्षाला १९.९९ डॉलर वर्गणीवर आणला, वर्गणीदार भरपूर मिळाले, हाताशी सहकारीही होते. तरी २०१५ च्या सुरुवातीला त्याने तो बंद केला. इतकी वर्षं रोज लिहून तो थकला होता आणि तब्येत साथ देत नव्हती. पैसे येत होते तरीही.

“रोज दोन तास, सहा महिने”

कॉटकीने वाचकांकडे हात पसरला तो सात वर्षं लिहिल्यावर. ग्रुबरला पूर्णवेळ व्हायला जवळजवळ चार वर्षं लागली. मला पैसे मिळू लागले तिसऱ्या वर्षी, आणि पगार म्हणता येईल असं उत्पन्न सहाव्या वर्षी. सहा महिन्यांत नवीन साइट शोधात जेमतेम दिसायला लागते.

राहिली कोर्सची लिंक. घ्यायचाच असेल तर विकणाऱ्याला एक विचारा: ‘ब्लॉगमधून कमाई’ हा ज्याचा विषय नाही, असा तुमचा एखादा चालता ब्लॉग दाखवा, आणि त्याच्या गेल्या बारा महिन्यांच्या वाचकांचा आलेख माझ्यासमोर उघडा. कमाईच्या पानाचा स्क्रीनशॉट नको, तो कुणालाही पाच मिनिटांत बनवता येतो.

आता भाचीसाठी. ती श्रवणयंत्रं बसवून देण्याचं काम करते. दिवसभर तेच प्रश्न ऐकते: यंत्र शिट्टी का मारतं, बॅटरी इतक्या लवकर का संपते, आजोबा ते खिशातच का ठेवतात. शिट्टीचं कारण बहुतेकदा कानातला साचा सैल असणं किंवा कानात मळ साठणं, हे मला तिच्याकडूनच कळलं. तिला म्हटलं, पहिला लेख शिट्टीवर लिही, येत्या रविवारी. साच्याचा फोटो तूच काढ, दुसरीकडून उचलू नकोस. आणि नोकरी सोडू नकोस, पुढच्या पन्नास लेखांचे प्रश्न तुला त्या टेबलावरच ऐकू येणार आहेत.