घरचं जेवण कुणाच्या हातचं?

घरचं साधं, ताजं अन्न सोडून लोक जंक फूड का खातात, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: जिभेचे चोचले. मला ते अजिबात पटत नाही.

रात्री साडेआठला घरी येते. खांद्यावरची बॅग न उतरवताच फ्रिज उघडते. आत पालेभाजीची जुडी, मुळांची माती तशीच. ती निवडा, धुवा, चिरा, शिजवा, मग भांडी घासा. ओट्यावर पाकीट पडलेलं असतं, ते फोडलं की झालं. पोटात कावळे ओरडत असताना जीवनसत्त्वं कुणाला आठवतात?

आणि ते पाकीटही तितकं साधं नाही. अमेरिकेत केविन हॉल हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २० जणांना दोन आठवडे कारखान्यातलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं. समोर ठेवलेल्या जेवणात साखर, मीठ, चरबी, तंतू (फायबर) दोन्हीकडे जवळपास सारखेच. हवं तितकं खायची मुभा. कारखान्यातल्या अन्नावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन जवळजवळ किलोभर वाढलं. साध्या जेवणावर साधारण तेवढंच उतरलं. हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. ते अन्न माणसं भरभर खात होती, हेही त्यात दिसलं. चिप्सचा एक तुकडा जिभेवर ठेवून बघा. दोनदा चावला की विरघळतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायच्या आत पाकीट रिकामं होतं.

अशा वेळी दमलेल्या माणसाला 'मनावर ताबा ठेव' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

शिवाय घरच्या जेवणाचे गोडवे गाताना ते रांधतं कोण, हे कुणी विचारत नाही. माझी आई नोकरी सांभाळून दोन्ही वेळचा स्वयंपाक करायची. तिला सगळ्यांबरोबर बसून गरम जेवताना पाहिल्याचं मला आठवत नाही. ताजं सगळ्यांनाच हवं असेल, तर जुडी निवडायलाही सगळ्यांनी बसायला हवं.

आमच्याकडे आता मुलगा भाजी निवडतो, नवरा भांडी घासतो. भाजीत अधूनमधून एखादी जून काडी राहते. राहू दे. काल मी गरम जेवले.