ते परवाचं ‘उद्या’ होतं

लेखन सुधारायचंय? मग पहिली गोष्ट, तारीख टाकू नका. तारखेने मजकूर शिळा होतो. त्यापेक्षा ‘उद्या’ लिहा. आज वाचा, आठवड्याने वाचा, उद्या ते उद्याच.

आमच्या गल्लीच्या ग्रुपवर बुधवारी रात्री कुणीतरी फॉरवर्ड केलं, ‘सर्वांना सूचित करण्यात येते की उद्या नळ येणार नाहीत, परवा येतील.’ इंदूरला नर्मदा एक दिवसाआड. नर्मदाकाठच्या जलूदहून ७० किलोमीटर चढून येणारं पाणी एकदा चुकलं की बसा बादल्या मोजत. गुरुवारी पहाटे शेजारच्या पाण्याच्या मोटारी घरघरत होत्या, तरी मी कूस बदलली. लेखी सूचना होती ना! आणि त्याच दिवशी उज्जैनहून नणंद चार माणसं घेऊन जेवायला. टाकीचा तळ दिसल्यावर सूचनाकर्त्यांना फोन लावला.

“अहो काकू, ते परवाचं ‘उद्या’ होतं!”

“मग परवा कधी?”

“आजच की. सकाळी येऊन गेले.”

कर्ता लपवा. ‘करण्यात येते’ म्हटलं की कोण करतं हे विचारायची सोय उरत नाही.

ऑफिसच्या मेलमध्ये ‘सोबत जोडले आहे’ लिहा, जोडू काही नका.

शुद्धलेखनाचे १९६२ साली १४ नियम झाले, १९७२ मध्ये आणखी ४ आले. तुम्ही अठराच्या अठरा मोडा. २७ फेब्रुवारीला ‘मराठी भाषा गौरव दीन’ तर लिहाच. दीन म्हणजे गरीब. तेवढं एक मात्र तुमच्या हातून खरं लिहिलं जातं.

वाचून पाहू नका. वाचायला बाकीचे आहेत.

शाळेत पत्राला तारीख घालायचा मार्क होता हो! मिळवला असेल या सूचनाकर्त्यांनी, आणि तिथेच सोडून आले. हेच गृहस्थ मुलाला निबंधाच्या क्लासला घालतात, वर आम्हाला ऐकवतात, ‘२००१ च्या साहित्य संमेलनात मी खुर्च्या लावल्यात.’ लावल्या असतील. अहो, पण वार लिहा की! ‘गुरुवारी पहाटे नळ येतील’, चार शब्द. पाचवा लागत नाही, अलंकार लागत नाहीत, क्लास तर मुळीच लागत नाही. पाठवायच्या आधी एकदा, फक्त एकदा, वाचणाऱ्याच्या जागी बसून बघा. पाच पाहुण्यांची खरकटी भांडी घेऊन बसून बघा.

आणि आता ग्रुपवर नवीन आलंय, ‘परवाबाबत उद्या कळवू.’

कुठल्या?