वळवाला मान्सून म्हणू नका हो

आज चारच्या सुमाराला पुण्यात गडगडलं, अर्धा तास धो धो कोसळला, दोन-चार फांद्या पडल्या आणि लगेच टीव्हीवर लाल पट्टी, मान्सून दाखल! अरे कुठे दाखल? दिवसभर घामाच्या धारा, संध्याकाळी विजा, रात्री परत चांदणं, ह्याला आमच्या गावात शेंबडं पोरगंसुद्धा वळीव म्हणतं. पाव्हण्याचा नुसता निरोप आलाय आणि हे पंगत मांडून मोकळे.

मला 2025 आठवतं म्हणून डोकं जास्त फिरतं. 24 मेला केरळात, 26 ला मुंबईत, चॅनेलवाले नुसते नाचत होते. लातूरकडचे आमचे काका म्हणाले, "आला की पाऊस, आता मिरगाची कशाला वाट बघायची," आणि सोयाबीन पेरून टाकलं. मग महाराज जे रुसले ते जून अर्धा संपेपर्यंत. कृषी विभाग घसा फोडून सांगत होता घाई करू नका, 75 ते 100 मिलिमीटर होऊ द्या, पण ते लाल पट्टीत कोण टाकणार! काकांनी काकरीतली माती बोटानं उकरून दाखवली मला. दाण्याला मोड फुटलेला आणि तिथल्या तिथे वाळून तपकिरी झालेला. दुबार पेरणीचं बियाणं उधारीवर आणलं.

हो, घाई काकांनीच केली, मान्य. पण केरळात मान्सून आला म्हणायलासुद्धा हवामान खातं 14 केंद्रं धरतं, त्यातल्या 60 टक्के ठिकाणी सलग दोन दिवस अडीच मिलिमीटर तरी लागतो, वर वारे आणि ढग बघतात ते वेगळंच. आणि ह्यांना एक सर पुरते.

चाहूल वाईट असते असं नाही म्हणत मी, उलट मला तेच दिवस सगळ्यात आवडतात. कावळ्याची काड्यांची लगबग, मिरगाचा तो लाल मखमली किडा, पावशाचं पेर्ते व्हा पेर्ते व्हा. पण पावशा ओरडला म्हणून कोणी लगेच तिफण जुंपत नाही हो, तयारीला लागतात. ओल्या गोणपाटात 100 दाणे गुंडाळून उगवण बघायची, 70 च्या वर आले तर बी चांगलं. यंदा काकांचे 78 आले, काल फोनवर खूश होते. पेरणीचं विचारलं तर नुसतं हसले, मागून काकूंचा आवाज, "तुझ्या काकानं टीव्हीचा रिचार्जच मारला नाही औंदा!"