घरदार विसरलेला माणूस? आमचे अण्णा तसे नव्हते

ट्रक ड्रायव्हरांवरच्या तुमच्या लेखात लाइनवरचा, म्हणजे लांब पल्ल्याचा ड्रायव्हर म्हणजे घरदार विसरलेला माणूस, असा सूर आहे. पटलं नाही. आमच्या शेजारचे अण्णा गेल्या वर्षी वारले. उभा जन्म ट्रकवर, सांगली-दिल्ली लाइन. जाताना हळद नाहीतर तासगावचा बेदाणा, द्राक्षांच्या सीझनला तर जेवायलाही उसंत नसायची. पण पोरीची दहावी होती तेव्हा लांबची भाडी सोडून महिनाभर कोल्हापूर-पुणेच मारलं, मालकाच्या शिव्या खाऊन. येताना आग्र्याचा पेठा ठरलेला. खोका केबिनमध्ये दबून चेपलेला असायचा, तरी गल्लीत घरोघरी वाटप व्हायचं.

गाडी चालवणं मात्र कडक. खंबाटकी घाट असो की नवीन कात्रज बोगद्यापुढचा उतार, डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणाऱ्या पोरांवर ते जाम खवळायचे. “ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर, ब्रेक तापला की देव पण थांबवत नाही.” त्याच उतारावर पुढे पुण्यात नवले पुलावरचे अपघात बघितले की हे आठवतंच.

आणि एक, पुढच्या लेखात ड्रायव्हरच्या बायकांवरही लिहा. म्हैस, शाळा, सोसायटीचे हप्ते, सगळं काकूंनीच ओढलं.