काखेतला सेल

परवा पहाटे एका डोंगरमाथ्यावर माझ्या फिल्म कॅमेऱ्याने चौदा जणांसमोर मान टाकली. सगळे पोटं आत घेऊन उभे. मी खटका दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. पोटं बाहेर आली.

माझ्या कॅमेऱ्याचं शटर इलेक्ट्रॉनिक. सहा व्होल्टचा सेल संपला की हातात उरतो तो नुसता धोंडा. निकॉन एफएम२वाल्यांची चैन असते. त्यांचा सेल फक्त उजेड मोजणाऱ्या लाइट मीटरपुरता, शटर यांत्रिक. मग तोच का नाही घेतला, हा प्रश्न घरात विचारून झालेला आहे.

तेवढ्यात माकडटोपी घातलेले एक काका पुढे आले. आमच्यातले नव्हेत.

"सेल गेला?"

"हो."

"गेला नाही, गारठलाय. आणा इकडे."

आता, मी सेल कुणाच्या हाती देत नाही. स्वतःसुद्धा फडक्यात धरून बसवतो, कारण बोटांचा घाम टोकांना लागला की संपर्क बिघडतो. पण मागे चौदा जण कुडकुडत होते. काकांनी स्वेटर, आतला दुसरा स्वेटर, मग सदरा अशी तीन दारं उघडली आणि सेल काखेत घातला.

"किती वेळ?" मी विचारलं.

"ताप बघतो तेवढा."

काखेत कळसा ऐकला होता. इथे कळसा माझा आणि काख परक्याची. काका हात घट्ट दाबून सूर्याकडे बघत होते आणि मी त्यांच्या बगलेकडे. मध्येच ते शिंकले. माझा जीव गेला. "पडला नाही," ते म्हणाले.

राग याचा की त्यांचं बरोबर होतं. थंडीत सेलमधली रासायनिक क्रिया मंदावते आणि ऊब मिळाली की तो पुन्हा चालतो. जोडीचा सेल आतल्या खिशात ठेवावा, हे मीच जगाला सांगत फिरतो. माझा जोडीचा घरी, खणात. शिवाय हा अल्कलाइन. सिल्व्हर ऑक्साइडचा घ्यायला हवा होता, पण दिसायला दोन्ही जुळे.

आणि हा निदान मिळतो तरी. माझ्याकडच्या आणखी म्हाताऱ्या कॅमेऱ्याला १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा. पारा विषारी म्हणून ते बंद झाले, ठीकच झालं, पण १.५ व्होल्टचा अल्कलाइन घातला की मीटर थापा मारतो, आणि सेल उतरत जातो तशी थापही बदलते. तो वर्षभर कपाटात विसरलो, तर सेल पाझरून आत हिरवट खरपुडी धरली. व्हिनेगरचा बोळा फिरवून ती खरवडण्यात एक अख्खा रविवार गेला. याबद्दल कुणी हळहळत नाही. "मोबाइलवर काढ की," म्हणतात.

असो. सेल बसवला, खटका दाबला आणि शटर वाजलं. टाळ्या पडल्या, त्या काकांना.

"दाखवा," काका म्हणाले.

"यात दिसत नाही. रीळ धुतल्यावर."

"कधी?"

"छत्तीसचं रीळ आहे. हा तेविसावा."

"म्हणजे आला की नाही, हे तुम्हालाही माहीत नाही?"

मी गप्प. काकांनी मोबाइल काढला, सगळ्यांना पुन्हा पोटं आत घ्यायला लावली आणि दहा फोटो काढले. मला कडेला उभं केलं होतं.

तेरा फोटो अजून उरलेत. सेल कोरड्या फडक्याने तीनदा पुसला, तरी कॅमेऱ्याला डोळा लावला की बामाचा वास येतो.