‘डी’ लावायचं की नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘जर्मनमध्ये सर्वसाधारण विधान करताना अनेकवचनी नामाला आर्टिकल कधीच लागत नाही,’ असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. (आर्टिकल म्हणजे नामाआधी येणारा ‘डेअर’, ‘डी’, ‘डास’ किंवा ‘आईन’ असा छोटा शब्द; अनेकवचनात ‘डी’.) त्यावर तुम्ही लिहिलंत: ‘साफ चूक. म्युनिकमध्ये सहा वर्षं राहतोय, डी डॉइचन ट्रिंकन फील बिअर हे रोज ऐकतो. अर्धवट ज्ञानावर लोकांना शिकवू नका.’ तुमच्या वाक्याचा अर्थ, जर्मन लोक भरपूर बिअर पितात. शिवाय उच्चार पुस्तकी आहेत, तक्ता मोबाइलवर कापला जातो आणि लेख लांबलाय, याही तक्रारी आहेत.

तुमचं बरोबर आहे ते आधी मान्य करते. ‘कधीच’ हा शब्द चुकला. तिथे आता ‘सहसा’ केलंय.

पण चूक दाखवणं वेगळं आणि चारचौघांत पाणउतारा करणं वेगळं. ‘मला असं ऐकू येतं, ते कसं?’ एवढं विचारलं असतंत तरी हेच उत्तर मिळालं असतं. चौदा वर्षं जर्मनचे ए १ ते बी २ या पातळ्यांचे वर्ग घेतेय. पहिल्या दिवशीच्या विद्यार्थ्यालाही मी ‘अर्धवट ज्ञान’ म्हणत नाही.

तुमच्या वाक्याआधी एक सोपं वाक्य घेऊ. ‘हुंडं बेलन’, म्हणजे कुत्रे भुंकतात. इथे एकवचन घालून बघा: ‘आईन हुंट बेल्ट’. तरी अर्थ टिकतो, कारण भुंकणं हा एकेका कुत्र्याचा गुण आहे. अशा विधानात अनेकवचन बिनआर्टिकलचंच शोभतं. ‘डी हुंडं बेलन’ म्हटलंत तर ऐकणारा विचारेल, कोणते कुत्रे? शेजाऱ्यांचे?

हीच कसोटी तुमच्या वाक्याला लावा. ‘आईन डॉइचर ट्रिंक्ट फील बिअर’ म्हटलं की कोणीतरी एक जर्मन माणूस भरपूर बिअर पितो, असा अर्थ होतो. सर्वसाधारण विधान उरतच नाही. कारण मूळ विधान एकेका जर्मनाबद्दल नव्हतंच. सगळ्या समाजाचा मिळून खप मोठा आहे, असं ते सांगतं. बिअरला हात न लावणारे लाखो जर्मन असले तरी ते खरं ठरतं. समूह अख्खा एक म्हणून समोर असतो तेव्हा ‘डी’ बसतं. ‘डी डिनोझाउरिअर झिंट आउसगेश्टॉर्बन’, म्हणजे डायनोसॉर नामशेष झालेत, याचंही तेच. नामशेष होते ती अख्खी जात, एकटा डायनोसॉर नुसता मरतो. म्हणून तिथे ‘आईन’ चालत नाही आणि ‘डी’ अगदी सहज येतं. बिनआर्टिकलचं ‘डिनोझाउरिअर’ही चालतं, ‘डॉइचं ट्रिंकन फील बिअर’ही चालतं. म्हणजे तुमचं उदाहरण नियम मोडत नाही, त्याची दुसरी बाजू दाखवतं.

त्यात तुम्ही म्युनिकमध्ये. दक्षिणेकडे बोलण्यात आर्टिकलचा वापर सढळ असतो, माणसाच्या नावालाही लावतात: ‘डेअर पेटर’. सामान्य विधानातही तिकडे ‘डी’ जास्त कानावर पडतं. बोलताना खुशाल वापरा. पण बी १च्या लेखी परीक्षेत, मुलांना झोपेची गरज असते हे सांगायला ‘डी किंडर ब्राउखन श्लाफ’ लिहिलंत, तर आधी कोणत्या मुलांबद्दल बोललात ते तपासणारा शोधत बसेल. तिथे ‘किंडर ब्राउखन श्लाफ’ लिहा. आवडीनिवडीचंही तसंच. ‘इश माग काट्सन’ म्हणजे मला मांजरं आवडतात. ‘इश माग डी काट्सन’ म्हणजे ती, ठरावीक मांजरं.

आपल्या मराठी विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो त्याचं कारण मराठीत आहे, ते तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. मराठीत आर्टिकल नाही, पण ‘कुत्रा हा इमानी प्राणी आहे’ असं आपण म्हणतो. त्या ‘हा’चं भाषांतर ‘डीझर हुंट’ (हा कुत्रा) करतात, आणि वाक्य समोरच्या एका कुत्र्याचं होऊन बसतं. इथे हवं ‘डेअर हुंट इस्ट आईन ट्रॉइअस टीअर’. एकवचनात अख्ख्या जातीसाठी ‘डेअर’ बिनधास्त चालतं. मग अनेकवचनातही चालेल असं समजून ‘डी हुंडं’ येतं. आर्टिकल काढल्यावर विशेषणाचा प्रत्यय बदलायचा राहतो, ही पुढची चूक. ‘डी डॉइचन ऑटोस’ (जर्मन गाड्या) मधलं ‘डी’ गेलं की ‘डॉइचं ऑटोस’ झालं पाहिजे. ‘डॉइचन’ तसंच ठेवलेले पेपर दर परीक्षेत असतात.

मला खरंच पकडायचं होतं तर षष्ठीत पकडायला हवं होतंत, ते लेखात सुटलं होतं. नुसत्या अनेकवचनावर षष्ठी दिसत नाही, म्हणून कुत्र्यांचं वागणं हे ‘डास फरहाल्टन हुंडं’ असं होतच नाही. एक तर ‘फॉन हुंडन’ म्हणायचं, नाहीतर ‘डेअर हुंडं’ (हे ‘डेअर’ षष्ठीच्या अनेकवचनाचं). या दुसऱ्यात आर्टिकल असूनही अर्थ सर्वसाधारण राहू शकतो. मध्ये विशेषण आलं की ते षष्ठीचा भार उचलतं आणि आर्टिकल नसलं तरी भागतं: ‘डास फरहाल्टन युंगर हुंडं’, म्हणजे लहान वयाच्या कुत्र्यांचं वागणं. हे आज लेखात घातलंय.

उच्चार पुस्तकीच ठेवणार, परीक्षेला तेच लागतात. तक्ता दुरुस्त होईल. लांबीबद्दल काही म्हणायचं नाही.

पुढच्या वेळी पूर्ण वाक्य आणि ते कुठे ऐकलंत ते लिहा, मी नक्की उत्तर देईन. ‘अर्धवट ज्ञान’ मात्र मागे घ्या.