पांढऱ्या पेशी चार हजारांवर, मग काळजी कसली?

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. मजकूर थोडक्यात असा: ‘कॅन्सर पेशंटच्या पांढऱ्या पेशी चार हजारांच्या वर असल्या की प्रतिकारशक्ती शाबूत. कॅन्सर या पेशींना काही करत नाही, केमो मारते. काउंट पडला तर पपईच्या पानांचा रस द्या. ताप आला तर घाबरू नका, पेशी लढताहेत.’ प्रत्येक वाक्यात चिमूटभर खरं आहे, म्हणून ते पटतं.

आधी चार हजार. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या तपासणीच्या, रिपोर्टवर एकूण आकड्याखाली टक्केवारी छापलेली असते, लोक ती वाचतच नाहीत. जिवाणूंशी पहिली झुंज देतात न्यूट्रोफिल, पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार. समजा एकूण पेशी 4,200, त्यात न्यूट्रोफिल 8 टक्के आणि बँड, म्हणजे कोवळे न्यूट्रोफिल, 2 टक्के. 4,200 गुणिले 10, भागिले 100, म्हणजे 420. हा आकडा 500च्या खाली गेला की तीव्र न्यूट्रोपेनिया, म्हणजे न्यूट्रोफिलची मोठी टंचाई; एकूण आकडा मात्र नॉर्मलच्या रकान्यात बसलेला. याच्या उलटही होतं. केमोबरोबर दिलेलं डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटलेले न्यूट्रोफिल सोडवून प्रवाहात आणतं. काउंट फुगतो, संरक्षण वाढत नाही, वर तापही दबतो.

‘कॅन्सर काही करत नाही’ हे तर साफ चूक. अ‍ॅक्यूट ल्युकेमियात, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये, अर्धवट वाढलेल्या पेशी हाडांतल्या मज्जेत अशा माजतात, जसं कपाशीत तण. कामाच्या पेशींना जागाच उरत नाही. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या संथ रक्ताच्या कॅन्सरमध्ये काउंट लाखावर जाऊ शकतो, पण त्या लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचाच दुसरा प्रकार) नुसत्या गर्दीच्या. अँटिबॉडी कमी पडतात, मग न्यूमोनिया होतो, नागीण उठते. मायलोमा या मज्जेतल्या कॅन्सरमध्ये एकाच बिनकामाच्या प्रथिनाचं उत्पादन चालतं आणि उपयोगाच्या अँटिबॉडी घटतात. स्तन, फुप्फुस अशा गाठींच्या कॅन्सरमध्ये रक्तातला काउंट बरा असतो, खेळ गाठीच्या आत चालतो. अनेक गाठी पीडी-एल1 नावाचं प्रथिन पुढे करतात. टी-पेशी म्हणजे कॅन्सरच्या पेशी मारणारी पांढरी पेशी; ते तिच्यावरच्या पीडी-1 या प्रथिनाला जुळलं की ती मारायची थांबते. बराच काळ असं चाललं की पेशी थकते: जिवंत, मोजता येणारी, पण निष्क्रिय. असे ब्रेक कसे सोडवायचे, याच शोधाबद्दल 2018चं नोबेल जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकु होन्जो यांना मिळालं.

पपईच्या पानांचे अभ्यास झाले ते मुख्यतः डेंग्यूतल्या प्लेटलेटवर. न्यूट्रोफिल वाढवायला जीसीएसएफचं इंजेक्शन असतं, साधारणपणे केमो संपल्यावर किमान 24 तासांनी. केमोने तोंड-आतडं सोललेलं असताना कच्च्या पानांचा रस पाजणं म्हणजे मातीतले जंतू आत सोडणं. त्यापेक्षा रावेरचं केळ बरं, धुऊन हाताने सोललं की झालं. भरीतही चालेल, वरची कच्ची कांद्याची पात तेवढी टाळा.

आता ताप, इथेच जीव जातात. बऱ्याच औषधांत केमोनंतर 7 ते 14 दिवसांत काउंट तळाला असतो. तेव्हा एकदाच 101 फॅरनहाइट, किंवा तासभर 100.4 टिकला, तरी ती इमर्जन्सी. न्यूट्रोफिलच नसले तर पू होत नाही, छातीच्या एक्स-रेत डागही दिसेलच असं नाही. ताप हीच एकुलती खूण. मे महिन्यात आपल्याकडे ‘ऊन लागनं व्हई’ म्हणत पन्हं पाजत बसतात. शिवाय भुसावळच्या 45 अंशांत खोलीत ठेवलेल्या काचेच्या थर्मामीटरचा पारा आधीच वर चढलेला असतो. साबण लावून गार पाण्याने धुवा, पारा 95च्या खाली झटका आणि लगेच जिभेखाली तीन मिनिटं धरा. पाणी किंवा चहा घेतला असेल तर अर्धा तास थांबा. मोजण्याआधी पॅरासिटामोल नको.

दवाखान्यात पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. म्हणून शिरपूर-शहाद्याहून निघतानाच फोन करा, केमोची फाइल सोबत घ्या. ओपीडीच्या रांगेत बसू नका, दारातच सांगा: ‘केमो अमुक तारखेला झाली, ताप 101 आहे.’